नावानिशी सोनं

पावसाची सवय करून घ्या. या प्रवासात शतकं बदलतील, पाऊस बदलणार नाही. आंबोलीचा पाऊस निदान दसऱ्याच्या आगेमागे उघडीप देतो. इथे उघडीप नाही. बाराही महिने धार लागलेली, वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या वर. तुम्ही दक्षिण अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यालगत, चोको नावाच्या मुलखात उतरला आहात. जंगल इतकं दाट की नदी हाच रस्ता. नदीचं नाव सान हुआन. साल १७८०. पुढे ज्याला कोलंबिया म्हणतील तो हा देश अजून स्पेनच्या राजाच्या मालकीचा आहे.

समोर टेकडीची कड सोलून काढलेली दिसतेय. वरच्या अंगाला पावसाचं पाणी साठवायला तळं बांधलंय आणि तिथून खाली एक चर खणत आणलाय. तळ्याचा बांध फोडला की पाणी चरातून धावतं, माती वाहून जाते, जड ते तळाशी बसतं. पुरुष लोखंडी पहारींनी दरड ढासळवतात. बायका चरात गुडघे टेकून बसल्या आहेत. वाकड्या पात्याच्या हत्याराने गाळ ओढायचा आणि एका उथळ, गोल, लाकडी परातीत घ्यायचा. त्या परातीला इथे बातेआ म्हणतात.

तुम्ही त्यांच्यातलेच एक आहात, असं मी म्हणणार नाही. गुलामी ही घटकाभर अंगावर घेऊन बघायची गोष्ट नव्हे. कडेला उभे राहा आणि फक्त त्या हातांकडे पाहा. ती बाई बातेआ पाण्याला टेकवून गोल फिरवते, किंचित कलती धरते. मोठे गोटे हाताने भिरकावते, बारीक खडी काठावरून पाण्याबरोबर निसटू देते. प्रत्येक फेऱ्याला थोडं हलकं बाहेर जातं, जड आत राहतं. शेवटी उरते काळी कुळकुळीत लोहवाळू, आणि तिच्या कडेला पिवळ्या कणांची बारीकशी शेपटी. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड असतं. तिची सगळी विद्या त्या एका गोष्टीवर उभी आहे, आणि तिला ना विष लागतं, ना यंत्र.

धुतलेलं सोनं मुकादमाच्या पेटीत जातं, पेटी कुलूपबंद होते आणि डोंगर ओलांडून पोपायान शहराच्या टांकसाळीकडे निघते. खाणींचे धनी त्याच शहरात राहतात. मोस्केरा, आर्बोलेदा अशी ती घराणी. खाणीवर ते क्वचितच येतात, पण त्यांची वही इथे आहे. मुकादमाच्या खांद्यावरून डोकावून पाहा. पहारी किती, बातेआ किती, केळीच्या बागा किती, आणि त्याच यादीत पुढे माणसं: नाव, वय, अंगात काही व्यंग, आणि शेवटच्या रकान्यात किंमत. नावाला जोडून आफ्रिकेच्या कुठल्या किनाऱ्यावरून आणलं त्याचा शिक्का: काराबाली, काँगो, मिना. पुढे हे शिक्के आडनावं होतील. २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकात कोलंबियासाठी तीन गोल मारणाऱ्या येरी मिनाचं आडनाव त्यातलंच. आणि आजच्या चोकोत कुठल्याही वर्गात हजेरी घेतली तर मोस्केरा आडनावाची मुलं भेटतील. धन्याचं नाव पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या नावाला चिकटून राहिलं.

आता रविवारपर्यंत थांबू. रविवार आणि चर्चचे सण हे गुलामांच्या स्वतःच्या वाट्याचे दिवस. बाकीचे दमून पडलेत, आणि तीच बाई पुन्हा नदीकडे निघाली आहे. आठवडाभर धुऊन टाकलेल्या खडीत ती पुन्हा हात घालते. धन्यासाठी धुताना जे निसटलं, किंवा निसटू दिलं, ते आज तिचं. कण-दोन कण. इथलं वजन कास्तेयानोत मोजतात. एक कास्तेयानो म्हणजे ४.६ ग्रॅम, आपले जवळपास पावणेपाच मासे. त्याचे आठ तोमिन. तोमिनाला तोमिन जोडत कुणी आधी स्वतःला सोडवतं, कुणी पोटच्या लेकराला. वर्षं जातात. एके दिवशी धन्याच्या हाती सोनं पडतं आणि तिच्या हाती एक कागद येतो, त्यावर तिचं नाव आणि ती स्वतंत्र असल्याची नोंद. वहीत किमतीसमोर लिहिलेलं नाव तिने स्वतःच्या मेहनतीच्या सोन्याने विकत घेऊन सोडवलं. ‘नैतिक सोनं’, म्हणजे कुणाला न पिळता, निसर्ग न नासवता काढलेलं सोनं, हा शब्द आज ज्या अर्थाने वापरतात, त्याचा पहिला दाणा मला इथे दिसतो, या रविवारच्या खडीत.

जाता जाता तिच्या परातीतले पांढरट, जड दाणे पाहून घ्या. तेही सोन्याबरोबर तळाशी बसतात, पण ते वितळत नाहीत, सोन्यात भेसळ करतात, म्हणून इथे ते त्रासदायक समजून फेकून देतात. ते प्लॅटिनम आहे. युरोपच्या शास्त्रज्ञांना या धातूची ओळख याच नद्यांमुळे झाली.

१८५१. इथे फार थांबायचं कारण नाही. कायदा झाला, गुलामगिरी संपली. सरकारने नुकसानभरपाई दिली ती धन्यांना. सुटलेल्यांना ना जमीन मिळाली, ना पैसा. पण चोकोतली बहुसंख्य कृष्णवर्णीय माणसं तोवर आपलं स्वातंत्र्य आपणच मिळवून बसली होती. ती नद्यांच्या उपनद्यांवर, उपनद्यांच्या ओहोळांवर पांगली. भाताचं एखादं खाचर, केळी, मासेमारी, आणि घराण्याची म्हणून ओळखली जाणारी खाण. कुठला ओहोळ कुणी धुवायचा हे आजी-पणजीच्या नात्यावरून ठरतं. मोठं काम निघालं की शेजारी येऊन हात लावतात, उद्या तुम्ही त्यांच्याकडे जायचं. आपल्याकडची सावड ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. खोल डोहात सोनं असेल तर बायका पाठीला दगड बांधून तळाशी बुडी मारतात, बातेआ भरतात आणि दगड सोडून वर येतात.

पुढचा मुक्काम आन्दागोया, १९२० चं दशक. कोन्दोतो नदी सान हुआनला मिळते ते हे ठिकाण. नदीत एक घर तरंगतंय, लोखंडी, तीन मजली उंचीचं, आणि त्याच्या तोंडाशी बादल्यांची साखळी फिरतेय. हा ड्रेजर. कंपनी अमेरिकन भांडवलाची, १९१६ साली सुरू झालेली, नाव चोको पॅसिफिको. जे पांढरे दाणे फेकून दिले जात होते त्यांची किंमत आता सोन्याच्याही वर गेली आहे आणि ही कंपनी दोन्ही उपसते आहे. बादल्या नदीच्या तळच्या खडकापर्यंत खरवडत जातात. माती खाली, गोटे वर, अशी जमीनच उलटी होते. मागे गोट्यांच्या राशी उरतात, त्यावर गवतही धड उगवत नाही. दोन्ही काठ बघा: अलीकडच्या काठावर गोऱ्यांचे बंगले, वीज, क्लब, आणि नदीपल्याड आन्दागोयिता, काळ्या कामगारांची वस्ती. कामगार नंबरावर ओळखला जातो. सत्तरच्या दशकात कंपनीने गाशा गुंडाळला, गोट्यांच्या राशी मात्र तिथेच आहेत.

१९९० च्या आसपास नदीकाठी नवा आवाज येतो, डिझेलचा. बाहेरच्या प्रांतांतून पोकलेन आले आहेत. एका दिवसात ते जेवढी दरड पाडतात तेवढी एका घराण्याला वर्षभर पुरली असती. आणि त्यांच्याबरोबर आला पारा.

पाऱ्याचं काम सोपं आहे, आणि त्यातच त्याचा धोका आहे. काळ्या वाळूत पारा ओतला की सोन्याचे बारीक कण तो कवटाळतो आणि त्याचा एक राखाडी गोळा बनतो. गोळा तव्यावर तापवला की पारा वाफ होऊन उडतो, सोनं मागे राहतं. कौशल्य लागत नाही, वेळ लागत नाही. वाफ तिथेच उभ्या असलेल्याच्या छातीत जाते, सांडलेला पारा नदीत. नदीतले जीवाणू त्याला आणखी विषारी रूप देतात, ते माशात साठतं, आणि मासा तर रोजच्या जेवणातला. गर्भातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत ते पोचतं. आज जगभरात दीड-दोन कोटी माणसं हाताने किंवा लहान यंत्रांनी सोनं काढून जगतात. खाणीतून निघणाऱ्या सोन्याचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडून येतो, आणि माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी एक तृतीयांशाहून जास्त त्यांच्या तव्यांवरून उडतो. ही दोन्ही वाक्यं एकत्र वाचायला हवीत. पहिलं विसरून फक्त दुसरं वाचणारे लोक म्हणतात, लहान खाणी बंद करा. बंद केल्यावर त्या कोटींनी काय करायचं, याचं उत्तर त्यांच्यापाशी नसतं.

पोकलेनने खणलेल्या खड्ड्यात दिवसातला थोडा वेळ गावकऱ्यांना उतरू देतात. बातेआ घेऊन बायका धावतात, दरड डोक्यावर लटकत असते. आपल्याच घराण्याच्या ओहोळात आता परवानगीने उतरायचं. १९९३ साली कायदा क्रमांक ७० झाला. नदीखोऱ्यांतल्या कृष्णवर्णीय समाजांना जमिनीवर सामूहिक मालकी मिळाली आणि गावांच्या परिषदांना त्या जमिनीवर अधिकार. कागद भक्कम होता, पण पोकलेनवाल्यांच्या मागे बंदुका होत्या.

या सगळ्यात तुम्हाला जिथे सगळ्यात जास्त वेळ थांबवायचं आहे ते गाव तादो. साल २००३ धरा. सान हुआनच्या वरच्या खोऱ्यातलं हे गाव आणि शेजारचं कोन्दोतो, इथल्या परिषदांनी दोन-तीन स्थानिक संस्थांच्या साथीने २००० च्या सुमारास एक उपक्रम उभा केला आहे. नाव ओरो वेर्दे, हिरवं सोनं. शंभराहून अधिक कुटुंबांनी त्यात नाव घातलंय. अटी त्यांनीच ठरवल्या. पारा नाही, सायनाइड नाही. खणण्याआधी वरची काळी माती बाजूला काढून ठेवायची आणि खड्डा बुजवताना परत वर पसरायची. एका वेळी जमिनीचा लहानसा तुकडाच उघडायचा. गाळाने ओहोळ गढूळ करून खालच्यांचं पाणी नासवायचं नाही. हे नियम कुणा परक्या तज्ज्ञाने लिहिलेले नव्हेत. आजीने जसं खणलं, तसंच ते कागदावर उतरवलं आहे.

एका घराण्याच्या खाणीवर चला. दुपार. बातेआत काळी वाळू उरली आहे, आणि तिच्यात पिठासारखं बारीक सोनं अडकलंय. पारावाला इथेच बाटली काढतो. ही बाई मुलीला हाक मारते. मुलगी बाल्सोची पानं घेऊन येते. खेळातली विमानं ज्या हलक्या लाकडाची करतात, ते बाल्सा झाड हेच. पानं पाण्यात चुरगळली की चिकट, फेसाळ रस सुटतो. बाई तो रस बातेआत शिंपडते आणि परत ते फेरे सुरू होतात. काळी वाळू त्या बुळबुळीत पाण्याबरोबर सरकत काठाकडे जाते, सोनं तळाला चिकटून राहतं. मन लावून पाहा, कारण हे करायला वेळ लागतो. पारा पाच मिनिटांत जे करतो त्याला इथे अर्धी दुपार जाते. तिच्या त्या अर्ध्या दुपारची किंमत कुणी द्यायची, यावर सगळा प्रश्न अडला आहे.

ओरो वेर्देने ती किंमत द्यायची सोय केली. गावातच सोनं तोललं जातं, तिच्यासमोर. तिच्या नावावर पावती होते: अमुक खाण, अमुक दिवस, इतके ग्रॅम. बाजारभाव मिळतो, शिवाय वरची रक्कम मिळते, आणि त्यातला वाटा गावाच्या कामांना जातो. सोनं थोडंच असतं, पोकलेनच्या तुलनेत तर अगदी नगण्य. पण सव्वादोनशे वर्षांपूर्वी वहीत किमतीसमोर जिचं नाव होतं, तिच्या पणतीच्या पणतीचं नाव आता सोन्यासमोर लिहिलं जातंय, आणि सोनं तिचं आहे. मला या मोठ्या इतिहासातला हा बदल फार मोलाचा वाटतो. पदक, पुरस्कार यांच्यापेक्षा पुष्कळ मोलाचा.

तादोतून निघालेला विचार पुढे जगभर गेला. २००४ साली जबाबदार खाणकामासाठी एक आघाडी उभी राहिली. तिने लहान खाणींसाठी निकष बांधले, आणि २०११ च्या व्हॅलेंटाइन दिनाला लंडनमध्ये अशा प्रमाणित सोन्याच्या अंगठ्या पहिल्यांदा विक्रीला आल्या. त्यातलं सोनं बोलिव्हियाच्या एका सहकारी खाणीचं होतं. आज या आघाडीच्या फेअरमाइन्ड या शिक्क्याखाली खाणीला लंडनच्या भावाच्या किमान ९५ टक्के मिळतात, आणि वर ग्रॅममागे चार डॉलर. पारा-सायनाइडशिवाय काढलं असेल तर सहा.

डिसेंबर २०१५. ऑस्लोच्या थंडीत पाच मिनिटं. नोबेल शांतता पुरस्काराचं पदक यंदा कोलंबियातल्या फेअरमाइन्ड सोन्याचं आहे. कॅमेरे चमकताहेत. लगेच निघू, कारण त्याच वर्षी कोलंबियात दुसरं काहीतरी घडतंय.

तिथल्या कायद्याने बातेआवालीला नोंदणी दिली आहे. काढलेलं थोडंथोडकं सोनं ती स्वतःच्या नावावर विकू शकते. कल्पना तिच्या भल्याची होती. पण सशस्त्र टोळ्यांच्या खाणीतलं किलोकिलोंनी सोनं निर्यातदारांकडे आलं, तेव्हा त्यांना कायदेशीर मूळ दाखवायला नावं हवी होती. मग याद्या बनल्या. जिने महिन्याभरात अर्धा तोळा काढला नाही तिच्या नावावर तोळेच्या तोळे दाखवले गेले. कधी बातेआ हातात न धरलेल्यांची नावं, तपासात तर मृतांचीही नावं निघाली. तुम्ही त्या फायलीची पानं उलटा. पुन्हा तीच रचना आहे: नाव, आणि समोर आकडा. पोपायानच्या वहीत तिच्या देहाची किंमत होती. या फायलीत तिच्या नावाची चोरी आहे. फाइलवर शिक्के बसतात, सोनं विमानाने जातं, शुद्ध होतं, आणि ते कुठून आलं हे कोणत्याही प्रयोगशाळेला सहज सांगता येत नाही.

२०१६ साली कोलंबियाच्या घटना न्यायालयाने चोकोतल्या आत्रातो नदीला स्वतःचे हक्क असलेली व्यक्ती ठरवलं. खटला नदीकाठच्या परिषदांनीच लढवला, पारा आणि पोकलेन यांच्याविरुद्ध. नदीला पालक नेमले, त्यात गावकरी आहेत. निकाल कागदावर सुंदर आहे. पोकलेन अजून थांबलेले नाहीत.

आता शेवटचा मुक्काम, आजचा, सोनं जिथे गाळलं जातं तिथला. मदुराई, सराफ बाजारामागची अरुंद गल्ली. तमिळ पाट्यांच्या गर्दीत एका दुकानात मराठी ऐकू येतं, तेही खानापूर-आटपाडीकडचं. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातून, विट्याच्या आसपासच्या गावांतून बाहेर पडलेले गलाई बांधव केरळपासून काश्मीरपर्यंत अशाच गल्ल्यांत बसले आहेत. जुने दागिने, तुटके तुकडे, सोनाराच्या दुकानातला केर गाळून त्यातून शुद्ध सोनं काढायचं. भट्टी लालभडक आहे. तेजाबात चांदी विरघळते आणि पिवळसर-तपकिरी धूर उठतो, तो या माणसांच्या छातीतही जातोच.

दारात दागिना घेऊन आलेली एक बाई मोबाइलवर त्याचा हॉलमार्क तपासतेय. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक बंधनकारक झाला. तो टाकला की सोनाराची नोंदणी कळते, तपासणी केंद्र कळतं, शुद्धता कळते. खाण कळत नाही. आपल्या देशात पेरू, बोलिव्हिया, घाना इथून कच्चं सोनं येतं, ते इथल्या जुन्या सोन्यात मिसळतं. ‘आम्ही फक्त पुनर्वापराचं सोनं वापरतो’ अशी जाहिरात अलीकडे दिसते. ऐकायला चांगली वाटते, पण त्यात दोन अडचणी आहेत. खाणीतल्या ताज्या सोन्याचा कच्चा दागिना करून वितळवला की कागदावर ते जुनंच ठरतं. आणि अगदी खरोखर जुनं असलं, तरी तादोच्या त्या बाईच्या अर्ध्या दुपारची किंमत त्यातून चुकती होत नाही.

भट्टीपाशी बसलेले मामा साठीचे आहेत. पोरवयात गाव सोडलं. तुम्ही विचारता:

“मामा, ह्यातलं खाणीचं किती, परदेशातलं किती, सांगता येईल का?”

“मुशीत गेल्यावर सगळं एकच, पाव्हणं. मी टंच सांगतो. गाव न्हाई सांगता येत.”

“मग सगळ्यांचं एकत्रच गाळता?”

“तसं कसं करीन? ज्याचा माल त्याचाच गळतो. एकाचा टंच ब्याण्णव, दुसऱ्याचा पंच्याऐंशी. एकत्र केलं तर बाजारात उभं ऱ्हाता येईल का मला? ही बघा, दर पुडीला चिठ्ठी. नाव, वजन. मूस बदलली की चिठ्ठी बदलती. बापानं हेच शिकवलं पैल्या दिवशी.”

“आणि एखाद्या पुडीवर कोलंबियातल्या बाईचं नाव असलं तर?”

मामा चिमट्याने मूस उचलतात, सवागीची चिमूट टाकतात, परत आत ठेवतात.

“असंना का. तिची चिठ्ठी लावायची, तिच्यासाठी वेगळी मूस घ्यायची. शेवटपर्यंत वेगळंच ऱ्हाईल, त्याची हमी मी देतो. पण वेगळ्या मुशीचा खर्च येतो, घट वेगळी येते. त्याचे पैसे सोनार देणार का गिऱ्हाईक, एवढं तेवढं ठरवून या.”